राणीसरकारांचं बाटलीशी वैर

दातांच्या डॉक्टरीणबाईंची बाळंतपणाची रजा संपत आली, तेव्हा घरात सगळे धास्तावले होते. एकट्या डॉक्टरीणबाई तेवढ्या निश्चिंत होत्या.

लेक चार-पाच महिन्यांची, गुटगुटीत, आणि जन्मल्या दिवसापासून फक्त आईच्या अंगावर पिणारी. दुसरी कुठलीही वस्तू ती ओठांना लावू द्यायची नाही. चोखणी दिली तर थुंकायची, औषधाचा थेंब दिला तर देणाऱ्याकडे अशी बघायची की आपण कुणाचं तरी घर जाळून आलोय असं त्याला वाटावं. कागदोपत्री तिला चांगलं तीन अक्षरी नाव होतं. घरात मात्र तिला राणीसरकारच म्हणायचे.

"बाटली ना? त्यात काय एवढं!" डॉक्टरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. "अरे, भलीभली माणसं खुर्चीत बसली की दातखीळ बसल्यासारखी तोंड मिटून घेतात. त्यांची तोंडं मी उघडते. अक्कलदाढा उपटते. ही तर नुसती बोळकी!"

माणसानं आपल्या धंद्यातलं कौशल्य घरात चालेल अशी आशा धरू नये. पण हे शहाणपण प्रत्येकाला स्वतःच्या खर्चानंच विकत घ्यावं लागतं.

योजना अगदी सोपी होती. डॉक्टरीणबाईंनी दूध काढून ठेवायचं, फ्रिजमध्ये साठवायचं, आणि त्या दवाखान्यात गेल्या की नवऱ्यानं ते कोमट करून बाटलीनं पाजायचं. नवरा शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचा, घरी बसून. त्यामुळे बाळाजवळ माणूस होता. मदतीला सासरेबुवा होते. ते पाणीपुरवठा खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झालेले. शिवाय समोरच्या दारातल्या काकू होत्या. त्यांना मदतीला बोलवावं लागत नसे. त्या असतच.

हातानं दाबायचा पंप घरी आला. त्याच्या खोक्यात एवढे भाग निघाले की त्यातून छोटी मोटारसायकल तयार व्हावी. नवऱ्यानं माहितीपुस्तिका उघडली आणि धंद्याच्या सवयीनं आधी तिच्यातल्या चुका काढल्या.

"'पंप स्वच्छ कोरडा ठेवावा.' इथे 'स्वच्छ'च्या पुढे 'व' तरी हवा, नाहीतर स्वल्पविराम."

"तो झडपेचा भाग कुठे बसतो ते बघ आधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"तेच वाचतोय. 'झडप' दोन ठिकाणी पोटफोड्या ष घालून 'षडप' छापलंय."

सासरेबुवांची अडचण वेगळीच होती. यंत्रात त्यांना मनापासून रस होता. पण ज्या कामासाठी ते आणलं होतं त्याचं नाव सुनेसमोर घ्यायचं म्हणजे त्यांचे कान लाल व्हायचे. त्यावर त्यांनी खात्याची भाषा वापरून तोडगा काढला. त्या घरात 'दूध' हा शब्द सासरेबुवांनी पुढे कधीच उच्चारला नाही. ते दाराबाहेर उभं राहून, पाठ फिरवून, खाकरून विचारायचे, "सूनबाई, पुरवठा सुरू झाला का?"

पुरवठा सुरू झाला नव्हता. पंप दाबला की बदक चिडल्यासारखा आवाज यायचा, पण आत ओढलं काहीच जात नव्हतं. पुस्तिकेत पाहिल्यावर कळलं, की नखाएवढी पांढरी रबरी झडप बसवायची राहिली आहे. आणि ती झडप घरातून नाहीशी झाली होती.

मग शोधाशोध. सोफा हलला, गादी उलटी झाली. सासरेबुवा विजेरी घेऊन कपाटाखाली आडवे झाले आणि तिथे त्यांना आपला हरवलेला चष्मा सापडला, त्या आनंदात ते आपण काय शोधत होतो तेच विसरले. काकूही त्यांच्याबरोबर रांगत होत्या आणि रांगता रांगता सल्ले देत होत्या. "लहान वस्तू नेहमी नजरेसमोर असते. आमच्या ह्यांची कवळी अशीच..."

डॉक्टरीणबाई एकदम थांबल्या. "काकू, इकडे बघा बरं."

काकूंनी मान वळवली. त्यांच्या डाव्या कानात मोत्याची कुडी होती आणि कुडीच्या मागे, फिरकीच्या जागी, नखाएवढं पांढरं रबर.

"अगं, मला सकाळी इथेच सापडली ही," काकू म्हणाल्या. "म्हटलं, माझीच फिरकी पडली. रबराची कधी घेतली, ते काही आठवेना. पण किती हलकी गं!"

झडप उकळली, बसवली, आणि पुरवठा सुरू झाला. पण कसा? बाळ अंगावर असताना दुथडी भरून वाहणाऱ्या नदीनं पंप पाहताच पाटबंधारे खात्यावर रुसून बसावं, तसा. अर्धा तास हात दुखेपर्यंत दाबलं तेव्हा बाटलीचा तळ ओला झाला. नवरा म्हणाला, पुस्तिकेत लिहिलंय, बाळाचा फोटो समोर ठेवा. फोटो ठेवला. फोटोत राणीसरकारांनी भुवया चढवल्या होत्या, ते पाहून तळही आटला. शेवटी फोटो बाजूला ठेवून डॉक्टरीणबाई खिडकीशी बसल्या, मैत्रिणीशी फोनवर सासरच्यांची टिंगल करू लागल्या, आणि एका हातानं नकळत पंप दाबत राहिल्या. तेव्हा कुठे धार लागली. मन मोकळं झालं की सगळंच मोकळं होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. रोज थोडं थोडं करत एक दिवस बाटली खांद्यापर्यंत भरली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. पदवीचं प्रमाणपत्रही त्यांनी कधी इतक्या अभिमानानं पाहिलं नव्हतं. बाटली ओट्यावर ठेवून त्या पंप धुवायला न्हाणीघरात गेल्या.

परत आल्या तेव्हा बाटली ओट्यावरच होती. लखलखीत, पालथी घातलेली.

"केवढा पसारा गं तुमच्याकडे," काकू हात पुसत म्हणाल्या. "म्हटलं, एवढी बाटली तरी विसळून ठेवू. कसलं तरी साबणाचं पाणी होतं त्यात."

डॉक्टरीणबाईंनी पालथी बाटली उचलून आत पाहिलं. नवऱ्यानं हळूच सांगितलं, "काकू, ते दूध होतं. तिचं."

"अगंबाई!" काकूंनी गालावर हात मारून घेतला. मग अगदी प्रांजळपणे म्हणाल्या, "पण किती पातळ होतं!"

दूध गेल्याचं दुःख डॉक्टरीणबाईंनी गिळलं. 'पातळ' हा शब्द मात्र त्यांच्या काळजात फाळासारखा रुतला. पुढचे दोन दिवस, कुणी विचारो न विचारो, आईचं दूध दिसायला पातळच असतं आणि तेच उत्तम असतं हे त्या ज्याला त्याला समजावून सांगत होत्या. त्यात गॅसची टाकी आणणारा माणूसही होता. तो बिचारा "हो, मॅडम" म्हणून टाकी तिथेच ठेवून गेला.

पुन्हा बाटली भरली. आता पाजायची.

पहिला मान आईचा. राणीसरकारांना मांडीवर घेऊन डॉक्टरीणबाईंनी बाटलीचं चोखायचं रबरी बूच ओठांना लावलं. राणीसरकार हसल्या. आईनं खेळायला काहीतरी आणलंय असा त्यांचा समज झाला. त्यांनी ते हातानं ढकललं, चिवडलं, आणि मग मान वळवून, जिथे खरा माल मिळतो तिथे तोंड नेलं. मालकीणबाई समोर असताना नोकराकडून कोण घेतो?

"तू बाहेर जा," नवरा म्हणाला. "तुझा वास येतो तिला."

डॉक्टरीणबाई जिन्यात जाऊन बसल्या. आत नवऱ्यानं बाटली पुढे केली. राणीसरकारांनी ओठ असे मिटले की चेहऱ्यावर तोंड नावाचा अवयव होता की नाही अशी शंका यावी. नवऱ्यानं खुळखुळा वाजवला. गाणं म्हटलं. "हे बघ चिऊ, हे बघ काऊ" केलं. सासरेबुवांनी टाळ्या वाजवल्या. काकू दारातून धावतं समालोचन करत होत्या: "आता उघडतेय... उघडतेय... नाही, जांभई आहे ती." शेवटी राणीसरकारांनी तोंड उघडलं ते भोकाड पसरायला. ते ऐकून जिन्यात बसलेल्या डॉक्टरीणबाईंचा पुरवठा पंपाशिवाय, कुणी न मागता, धो धो सुरू झाला आणि कुडता भिजला.

मग सल्ल्यांना ऊत आला. सासरेबुवांनी निदान केलं, "उगमापाशी दाब आहे. साठवणीची सोय झालेली आहे. घोडं पेंड खातंय ते वितरणात." त्यांनी निरनिराळ्या भोकांची बुचं आणली आणि घड्याळ लावून बादलीत ठिबकवत त्यांचा प्रवाह मोजला. काही बुचांतून थेंब पडेना, एकातून पिचकारी उडाली ती थेट नवऱ्याच्या मुद्रितांवर. काकूंचा सल्ला साधा होता. "बाळ वासानं ओळखतं. तिच्या आईचा गाऊन घाल तू."

"मी?"

"मग काय मी घालू? मला बसायचा नाही."

नवऱ्यानं मान खाली घालून बायकोचा फुलाफुलांचा गाऊन चढवला. लेकीसाठी माणूस काय करत नाही! बाटली घेऊन तो खुर्चीत बसला, राणीसरकार गाऊन हुंगू लागल्या, ओठ किंचित विलग झाले, आणि दाराची घंटा वाजली. काकूंनी तत्परतेनं दार उघडलं. दारात इमारतीच्या समितीचे चिटणीस, आणि मागे रंगकाम पाहायला आलेली चार माणसं.

चिटणीसांनी एकवार नखशिखान्त पाहिलं. "घरूनच काम करता ना तुम्ही हल्ली?" ते मृदू आवाजात म्हणाले. "होतं असं. बाहेर फिरत जा जरा."

एवढं होऊनही बाटली भरलेलीच. आणि रजा संपली.

कामाचा पहिला दिवस. डॉक्टरीणबाई घरातून निघाल्या त्या दहा वेळा मागे वळून बघत. दवाखाना सरकारी, रांग दारापर्यंत. पहिलाच पेशंट एक चिमुरडा. त्यानं खुर्चीत बसताच "आईऽऽ" म्हणून गळा काढला, आणि डॉक्टरीणबाईंचा पुरवठा सुरू! परका पोरगा, परकी आई, पण शरीराला कुठलं कळतंय. त्यांनी घाईनं रबरी एप्रन चढवला. शेजारची सिस्टर समजूतदार होती, ती म्हणाली, "मॅडम, दुपारपर्यंत मोठी माणसंच पाठवते आत. तीही रडतात, पण हळू."

दूध काढायला जागा हवी होती. अधीक्षकांनी नियमांचं पुस्तक चाळून सांगितलं, की अशा कामासाठी खोलीची तरतूद नाही. मात्र मनाईही नाही. म्हणजे जिथे कुणी हरकत घेणार नाही तिथे करावं. अशी जागा एकच होती: एक्स-रेची खोली. दार जाड, खिडकी नाही, आणि बाहेर लाल दिवा लागला की कुणाची आत यायची छाती नाही. डॉक्टरीणबाई यंत्र बंद करून, लाल दिवा चालू करून आत बसल्या. बाहेर बाकावर एक्स-रेसाठी थांबलेल्या आजोबांना आतून आवाज येऊ लागला. घर्र... फुस्स... घर्र... फुस्स... आणि मधूनच एक दीर्घ सुस्कारा.

"आत काय चाललंय?" आजोबांनी घाबरून विचारलं.

"एक्स-रे," सिस्टर म्हणाली. दुसरं काय सांगणार?

"एवढा वेळ? आणि आतलं माणूस कण्हतंय की!" आजोबा उठले, काठी घेतली. "माझी दाढ आता अजिबात दुखत नाही," म्हणाले, आणि गेले.

काढलेलं दूध ठेवायला फ्रिज होता. पण फ्रिजच्या दाराशी भांडारपाल होते.

"मॅडम, यात खाद्यपदार्थ ठेवायला मनाई आहे. दारावर लिहिलंय."

"हा खाद्यपदार्थ नाही हो."

"मग औषध आहे?"

"तसं औषधही नाही."

"औषध असेल तर उत्पादकाचं नाव लागेल."

"उत्पादक मीच."

भांडारपालांनी नजर छताकडे नेली. ते सभ्य गृहस्थ होते. बराच वेळ छताचा अभ्यास करून म्हणाले, "तपासणीचा नमुना म्हणू का?"

"तपासायचं नाहीये! माझ्या मुलीला प्यायचंय!"

"म्हणजे खाद्यपदार्थच."

वाद जिथून निघाला होता तिथेच परत आला. अखेर भांडारपालांनी स्वतःच तोड काढली. बाटलीवर पट्टी चिकटवली: 'इतर'. ज्याच्यासाठी सरकारजवळ शब्द नसतो त्या सगळ्याचं नाव 'इतर'. त्या दिवसापासून राणीसरकारांचं जेवण दाताच्या सिमेंटशेजारी 'इतर' म्हणून सुखानं नांदू लागलं.

पण नांदून उपयोग काय? घरी राणीसरकारांनी उपोषण आरंभलं होतं. सकाळी आई गेली की त्या जिभेवर येतील तेवढेच दोन-चार थेंब घ्यायच्या, बाकीचे बापाच्या सदऱ्यावर उडवायच्या आणि दाराकडे डोळे लावून बसायच्या. दुपारी नवरा त्यांना दवाखान्यात घेऊन यायचा, डॉक्टरीणबाई जेवणाच्या सुट्टीत पाजायच्या, आणि मग संध्याकाळी घरी गेल्या की राणीसरकार सगळी उधारी वसूल करायच्या. बाळाच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, वजन छान आहे, काळजी नको, शिकेल. काळजी नको म्हणायला त्यांचं काय जात होतं? डॉक्टरीणबाईंच्या नाकी नऊ आले होते. एका संध्याकाळी त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी नोकरी सोडू का?" हे त्यांनी हसत म्हटलं होतं, पण हसू ओठांपर्यंतच होतं. दातांचं काम त्यांना जिवापाड आवडायचं. नवऱ्याला ते माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी मोठ्यानं गाणी म्हटली.

अशातच एके दिवशी दवाखान्यात एक वकील आले. काळा कोट, सुजलेला गाल, आणि तोंडाला खीळ नाही. आत येताच त्यांनी युक्तिवाद सुरू केला.

"ही दाढ काढायचीच हे आपण कोणत्या आधारावर म्हणता?"

"किडलीय. आत पू झालाय."

"हा एकतर्फी निकाल झाला. शेजारच्या दाढेचा यात काही हात नाही कशावरून?"

"तोंड उघडा."

"उघडतो, पण निषेध नोंदवून."

बधिरीकरणाचं इंजेक्शन देईपर्यंत ते बोलत होते, दिल्यावर जीभ जड झाली तरी बोलत होते, आणि दाढ चिमट्यात आली तेव्हाही घशातून अपील करत होते. डॉक्टरीणबाईंनी जखमेवर कापसाचा बोळा ठेवला आणि बोट उगारून सांगितलं, "आता हा घट्ट दाबून धरायचा. बाहेर बसा. मी सांगेपर्यंत एक अक्षरही बोलायचं नाही. बोललात तर रक्त थांबणार नाही."

वकीलसाहेब बाहेर जाऊन बाकावर बसले. आयुष्यात पहिल्यांदाच गुळणी धरून.

आणि नेमका त्याच वेळी जिन्यावरून मोर्चा आला. पुढे रडणाऱ्या राणीसरकार, त्यांना कडेवर घेतलेला नवरा, मागे कोमट पाण्याचा थर्मास घेतलेले सासरेबुवा, आणि हवापालट म्हणून काकू. सकाळपासून राणीसरकारांनी थेंबही घेतला नव्हता, म्हणून मंडळी सुट्टीची वाट न पाहताच निघाली होती. आत डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत दुसरा पेशंट होता, हिरडी उघडलेली, टाके घालायचे बाकी. सिस्टरनं हात आडवा केला. "मॅडम आत्ता उठू शकणार नाहीत. थांबा जरा."

"थांबते का ही!" नवरा म्हणाला. बाहेर तिघांनी एकदम सुरुवात केली. नवरा गाऊ लागला. सासरेबुवा म्हणाले, "बाटली आडवी धर, दाब कमी होईल." काकू म्हणाल्या, "उभी धर रे!" खुळखुळा वाजला. टाळ्या वाजल्या. राणीसरकारांनी सगळ्यांवर ताण करून आवाज लावला. एवढ्यात खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तुटला आणि लंगोट, पुसणी, बुचं, पावडरचा डबा सगळं गडगडत बाकाखाली पसरलं.

"एक मिनिट धरा हं," म्हणून नवऱ्यानं जवळच्या मांडीवर राणीसरकारांना ठेवलं, त्या माणसाच्या हातात बाटली दिली, आणि तो बाकाखाली शिरला. सासरेबुवा आणि काकूही वाकले.

मांडी वकीलसाहेबांची होती. त्यांना नाही म्हणायचं होतं. त्यांच्याजवळ नाही म्हणण्याची किमान डझनभर कारणं असतील. पण तोंडात कापूस. "म्म्म!" एवढंच आलं. त्यांनी डोळे विस्फारून मांडीवरच्या संकटाकडे पाहिलं. राणीसरकार रडायच्या थांबल्या. हा माणूस गात नव्हता. टाळ्या वाजवत नव्हता. 'चिऊ' म्हणत नव्हता. त्याचा एक गाल मोठा होता आणि एक लहान. राणीसरकारांनी तो गाल मन लावून पाहिला. बघता बघता त्यांचं तोंड आपोआप उघडलं. बाटली समोरच होती. वकीलसाहेबांना दुसरं काय करायचं ते सुचेना.

आत डॉक्टरीणबाईंच्या हातात सुई होती. लेकीचं रडणं ऐकून एप्रनच्या आत त्या चिंब झाल्या होत्या, पण हात हलून चालणार नव्हतं. आणि अचानक रडणं थांबलं. बाहेर शांतता. त्यांच्या घरातली माणसं बाहेर असताना शांतता? काय झालं असेल? त्यांच्या मनात नको नको ते येऊन गेलं. शेवटचा टाका घातला, दोरा कापला, आणि त्या दाराकडे धावल्या.

दारात सिस्टर ओठांवर बोट ठेवून उभी होती. पलीकडे बाकावर काळ्या कोटाच्या मांडीवर राणीसरकार पहुडल्या होत्या. गुटूक... गुटूक... गुटूक. खाली फरशीवर नवरा, सासरेबुवा आणि काकू रांगता रांगता जिथल्या तिथे थिजले होते. नवऱ्याच्या डोक्यावर पावडर, काकूंच्या हातात लंगोट. कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं. वकीलसाहेब डॉक्टरीणबाईंकडे डोळ्यांनी विनवत होते, की काहीतरी करा. डॉक्टरीणबाईंनी हात जोडून खुणेनं सांगितलं, की कृपा करून काहीही करू नका.

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आनंदाचंच होतं. पण खरं सांगायचं तर त्यात एक बारीकसा काटाही होता. आपण जीव टाकला, बापानं गाऊन घातला, आजोबांनी प्रवाह मोजला. आणि हिनं घेतलं ते कुणाच्या हातून? तर चार शब्दांची ओळख नसलेल्या माणसाच्या!

बाटली रिकामी झाली. राणीसरकारांनी काळ्या कोटावर एक भरघोस ढेकर दिली, सोबत थोडा ऐवजही. डॉक्टरीणबाईंनी कापूस काढायची परवानगी दिली. वकीलसाहेबांनी जीभ फिरवून पाहिली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "हे बाहेर कुठे बोलू नका. गप्प बसूनही काम होतं, हे माझ्या अशिलांना कळलं तर मी खाऊ काय?"

त्या संध्याकाळी घरात चर्चा झाली. सासरेबुवांनी अहवाल मांडला, "दोष पुरवठ्यात नव्हता, साठवणीत नव्हता, बुचातही नव्हता. दोष कर्मचाऱ्यांत होता. पाजताना आपण फार बोलतो."

"मी कुठे बोलते?" काकू म्हणाल्या, आणि त्यानंतर बराच वेळ आपण कशा बोलत नाही ते सांगत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं गप्प बसून पाहिलं. पण लेक समोर आली की त्याच्या तोंडून "माझी चिऊताई" निघायचंच. शेवटी त्यानं बायकोच्या पेटीतला कापूस घेतला, मोठा बोळा करून गालात कोंबला आणि खुर्चीत बसला. राणीसरकारांनी त्या फुगीर गालाकडे ओळखीचं पाहिलं. आणि तोंड उघडलं. सासरेबुवा आतल्या खोलीत स्वतःला कोंडून बसले. काकूंनी तोंडात पाण्याची गुळणी धरली होती. पहिला घोट गेलेला पाहून त्या इतक्या आनंदल्या की गुळणी गिळून ठसका लागला, आणि त्यांना घरी पाठवावं लागलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या फोनवर निरोप आला: 'सगळं प्यायली.' एवढंच. स्वल्पविरामसुद्धा नाही. त्यांनी तो सिस्टरला दाखवला, भांडारपालांना दाखवला. भांडारपाल म्हणाले, "अभिनंदन. मग उद्यापासून 'इतर' येणार ना?" "येणार तर!" त्या म्हणाल्या. दिवसभर त्या गुणगुणत दाढा काढत होत्या.

पण घरी परतताना जिना चढता चढता पावलं हळू झाली. आता तिचं पोट भरलेलं असेल. बापाच्या हातून, बाटलीनं. आता दाराकडे डोळे लावून बसायचं तिला कारण काय? आपण हेच मागत होतो ना? मग पायऱ्या आज एवढ्या जास्त का वाटतायत?

त्यांनी दार लोटलं. नवऱ्याच्या मांडीवर राणीसरकार तृप्त पसरल्या होत्या, पोट नगाऱ्यासारखं. शेजारी नुकतीच संपलेली बाटली. दार वाजलं, तशी त्यांनी मान वळवली. क्षणभर बघितलं. आणि मग हातपाय, मान, पोट, सगळं अंग एकदम उसळलं. किंकाळी मारून त्या बापाच्या हातातून अशा झेपावल्या की त्याला त्यांना धरता धरता पुरेवाट झाली. डॉक्टरीणबाईंना आत यायलाही सवड मिळाली नाही. खांद्याला पर्स, पायात चप्पल, तशाच त्या दाराजवळच्या चपलांच्या कपाटावर टेकल्या. राणीसरकारांनी छातीत डोकं खुपसलं, वरचं बटण मुठीत धरून ओढलं, आणि दिवसभर काहीच मिळालं नसावं अशा थाटात प्यायला सुरुवात केली.

नवरा समोर उभा राहून हातवारे करत होता. "म्हम्म. म्हम्म म्हम्म."

"कापूस काढ आणि बोल."

त्यानं बोळा काढला. "अगं, आत्ताच सगळी बाटली संपवलीय तिनं. भूक नाहीये तिला!"

"माहीत आहे," डॉक्टरीणबाई डोळे मिटून म्हणाल्या. "तू कापूस परत घाल बरं."